येतो म्हणून गेलेली माणसं

आमच्या कुंडलिकाला अंथुर्ण्यात कुनी शिष्ट म्हनतं, कुनी येडा म्हनतं. दोन्ही न्हाय तो. माझा भाव हाय, मला ठावं. आई गेली तवा तो रांगत हुता आन मी नांदायला जायच्या बेतात. कडेवर घिऊनच सासरी गेले. सासूनं कपाळाला आठ्या घातल्या. मी म्हनलं, घाला, कपाळ तुमचंच हाय. नवरा दोन सालात गेला, परत म्हायेरी आले, ती ह्याला बोटाला धरून. तवा त्याच्याबद्दल बोलायचा हक्क कुनाला असंल तर तो ह्या बनाबाईला हाय. बाकीच्यांनी आपली तोंडं धुवावीत.

पर ही गोष्ट नुसती त्याची न्हाय. कोरिया म्हनून एक मुलूख हाय, समुद्राच्या पार पल्याड. तितं काटेरी तारंच्या आत एक कैदी हुता. त्याला जित्तं बाहेर पडायचं हुतं, आन त्यानं सगळा भार टाकला हुता आमच्या कुंडलिकावर. तो बाहेर पडला का न्हाय, एवढीच गोष्ट. ती मला कळायला दोन सालं लागली, कारन आमचं येडं तोंड उघडंल तर शपथ.

कुंडलिक मिसरूड फुटायच्या आधीच पलटनीत गेला. मोठी लढाई चालू हुती तवा. ती संपल्यावर त्याला जपानात नेऊन ठिवलं, साल-दीड साल. तितं त्यांची भाषा शिकला थोडी. रजेवर आला की मला बोलून दाखवायचा आन मी हसून हसून बेजार. म्हनलं, अरं ही भाषा हाय का फोडनी? मग लगीन लावून दिलं त्याचं, वरकुट्याच्या साखरबाईशी. पोरगी गुनाची. त्रेपन्न साली कोरियातली लढाई थांबली. तिथल्या कैद्यांवर पहारा करायला आपल्या देशाची फौज मागवली दोन्ही बाजूंनी, म्हनलं ह्यांचं कुनाशी वैर न्हाय. त्या फौजेत हा गेला. लढायला न्हवं, राखन करायला. मी म्हनलं, बरं झालं, गोळी तरी लागनार न्हाय.

चोपन्नच्या उन्हाळ्यात कायमचा घरी आला. खोकत आला. छातीत गारठा भरला हुता. पर खोकला मी काढला असता काढा पाजून. दुसरंच कायतरी घिऊन आला हुता.

आता बघा, आपल्यात घरातनं निघताना कुनी जातो म्हनत न्हाय. मसनात जायाचं असलं तरच मानूस जातो. बाकी सगळी येतो म्हनत्यात. बाजाराला निघालं, येतो. पावना निघाला, येतो. परत कवा तोंड दाखवनार नसलं तरी येतो. आन आपुन म्हनतो, या. एवढं साधं. पर कुंडलिक येतोच म्हनंना. उठायचा, पटका डोक्याला गुंडाळायचा आन चालायला लागायचा, जसं काय ह्या घराचं आन त्याचं कायबी नातं न्हाय. साखर उंबऱ्यात उभी राहून बघत राहायची. एकदा सासुरवाडीला वरकुट्याला जेवला, हात धुतला आन निघाला. सासू म्हाळसाबाई रडाय लागली, जावई रुसलं म्हनून. दुसऱ्या दिवशी भोपळं आन गवारीची पाटी घिऊन आमच्या दारात, काय चुकलं आमचं म्हनून. मला तर मेल्याहून मेल्यागत झालं. त्यांनी भोपळं का आनावं? भोपळा तर आमच्या घरात हुता, पटका बांधून बसलेला.

एक दिवस मी दारात आडवी झाले. म्हनलं, येतो म्हन, न्हायतर मला वलांडून जा. तो उभा राहिला. वरबी बघंना, खालीबी बघंना. मग म्हनला, "जातो, आक्का." आन गेला. साखर मटकन खाली बसली. मी भाकरीचा तुकडा ववाळून टाकला, इडा पिडा टळो म्हनलं, आन त्याच्या नावानं अशा शिव्या घातल्या की शेजारनीनं कवाड लावून घेतलं.

तर हे असं दोन सालं चाललं. साखर सुकत चालली. माझ्यापाशी येऊन म्हनायची, आक्का, ह्यांचं मन हितं न्हाय, मला एकदाचं वरकुट्याला नेऊन सोडा. मी म्हनायची, थांब गं बाई, मानूस हाय, दगूड न्हवं. पर आतनं माझीबी उमेद सरली हुती.

छप्पन सालची दिवाळी झाली. करंज्यांचं डबं अजून रिकामं झालं नव्हतं. मी वांग्याच्या पाट्या घिऊन कालव्याच्या पुलापाशी आप्पाच्या दुकानात बसले हुते, बारामतीला जानारा ट्रक यायचा हुता. कुंडलिक पाट्या उचलून द्यायला आलेला. आमच्या शाळेचं रावजी मास्तर पेपर वाचत हुतं. मास्तरांना सवयच हाय, वाचायचं ते मोठ्यानं, गावाला शानं करून सोडायचं.

"हंगेरी नावाचा छोटा देश आहे," मास्तर म्हनलं. "रशियाचे रणगाडे त्यांच्या राजधानीत शिरलेत. लोक रस्त्यावर येऊन लढताहेत. बाहेरचा रेडिओ त्यांना सांगतो आहे, धीर सोडू नका, सारं जग तुमच्या पाठीशी आहे."

"मग जाईल की कुनीतरी मदतीला," आप्पा म्हनला, मिरच्या तोलता तोलता.

"जाणार तर! आज ना उद्या जावंच लागेल."

कुंडलिक पाटी खाली ठिवून सरळ झाला. दोन सालात गावानं त्याचा मोठा आवाज ऐकला नव्हता. "पाठीशी म्हंजी किती मागं, मास्तर?"

मास्तर गडबडलं. "म्हणजे?"

"पाठीशी हायत म्हनता न्हवं? किती मागं? हाक मारली तर ऐकू जाईल एवढं, का समुद्राच्या पल्याड?"

"कुंडलिकराव, असं नसतं. राष्ट्रांनी शब्द दिलेला असतो—"

"व्हय, शबुदच दिल्याला असतो. कुनी जानार न्हाय त्यांच्याकडं. लिहून ठिवा. तुमच्या त्या रेडिओवाल्याला म्हनावं, गप बस. गप बसला तर ती मानसं घरात तरी लपतील, रं." आवाज चिरकला त्याचा. मग खोकल्याची उबळ आली, आन तो तसाच खोकत शेताकडं चालायला लागला. कुनाला येतो न्हाय, जातो न्हाय.

मास्तर चष्मा पुसत बसलं. मी ट्रकात पाट्या चढवल्या आन त्याच्या मागं गेले. रागच आला हुता मला. त्या परक्या देशातल्या मानसांसाठी एवढा जीव तुटतोय, आन घरातली पोरगी रोज तीळ तीळ मरतीय ती दिसंना व्हय?

कालव्याच्या पान्याची पाळी आमची हुती. तो वांग्यांत पानी सोडत हुता, खोरं घिऊन. मी बांधावर उभी राहिले आन म्हनलं, "कुंडलिका, आज सांगायचं. सगळं. न्हायतर ही रिकामी पाटी तुझ्या टाळक्यात घालीन, आन मग गावाला सांग आक्कानं मारलं म्हनून."

तो वाफ्याचं तोंड फोडत राहिला. मला वाटलं, आजबी न्हायच. मग म्हनला, "आक्का, त्याचं नाव पाक हुतं."

"पाक? लाडवाचा?"

तो हसला. खरंच हसला. "मीबी त्याला हेच सांगितलं."

मग त्यानं सांगितलं ते असं.

पाक कोरियाच्या वरच्या अंगाचा. शेतकऱ्याचाच पोरगा, भाताचं रान. त्यांच्या मुलखाचं दोन तुकडं झालेलं, वरचा आन खालचा, आन दोन्ही भाव एकमेकांच्या उरावर बसलेलं. वरच्याच्या मागं रशिया आन चीन, खालच्याच्या मागं अमेरिका. कोरियात आधी जपान्यांचं राज्य हुतं म्हनून पाकला जपानी यायची, आन आमच्या कुंडलिकाला मोडकीतोडकी. त्या मोडक्या भाषेत तारंच्या आतनं आन बाहेरनं दोघं बोलायचं. दिवसा, पहाऱ्यावर, तोंड दुसरीकडं करून. कारन आतमदी कैद्यांचं म्होरकं हुतं. सगळ्यांनी खालच्या कोरियातच जायाचं, असा त्यांचा हुकूम. जो दुसरं कायबी बोलंल त्याला तंबूत नेऊन बडवायचं. कितीक जन त्यात मेलं.

"पन त्यानं खाली जायाला काय हरकत हुती?" मी इचारलं. "भावाचाच मुलूख न्हवं त्यो?"

कुंडलिक खोऱ्यावर रेलला. "तेच सांगतो, आक्का. लढाईच्या पहिल्या साली, भात कापून झालं हुतं, तवा अमेरिकेची फौज ह्यांच्या गावात आली. रनगाडं, ट्रका. गावाला वाटलं, सुटलो. वरच्या सरकारनं धान्य उचलून नेलं हुतं, पोरं नेली हुती, लोकं गांजलेली. ह्या फौजेनं सांगितलं, आता आमी हाय, भ्यायचं न्हाय. पाकच्या बापाला गावाचा पाटील केला. त्यानं खालच्यांचा झेंडा लावला. गावानं डुकरं कापून जेवान दिलं. आन थंडी पडली, वरनं चिन्यांची फौज उतरली, तशी ह्या ट्रकांनी तोंडं फिरवली. रातोरात. पाकचा बाप रस्त्यात उभा राहिला, आमाला काय सांगता म्हनून. ट्रकातल्या शिपायानं त्याच्या हातात सिगरेटीचं पाकीट दिलं आन सांगितलं, वसंतात परत येतो."

"आलं?"

"न्हाय. वरचं आलं. त्यांनी झेंडा लावनाऱ्याला खळ्यात उभा केला. पाटलाला पयला."

मला आपली वारंगुळ्याची याद आली. आपल्यात एकेक बैलवालं दोघं शेतकरी एकत्र येत्यात, तुझा एक माझा एक, मिळून औत चालवत्यात, त्याला वारंगुळा म्हनत्यात. अर्ध्या रानात एकानं आपला बैल सोडून नेला, तर दुसऱ्यानं जुवाचं ते टोक कुनाच्या मानेवर ठिवायचं? सोताच्याच. आन बैल नेनारा काय म्हनतो? रागावू नका, सोयीनं बघू.

"सगळ्या मुलखाचंच तसं झालं," कुंडलिक म्हनला. "ह्यांची फौज यायची, जायाची. खालचं राजधानीचं शहर चार येळा इकडनं तिकडं गेलं. पाक म्हनायचा, दुश्मन बरा, त्याचं कळतं तरी. तो मारायलाच येतो. दोस्ताचं तळ्यात का मळ्यात चालतं तवा गावात कुनी कुनाशी बोलंना. त्याच्या आईनं गोधडीच्या एका अंगाला एक झेंडा शिवला आन दुसऱ्या अंगाला दुसरा. ज्याची फौज येईल तसली बाजू बाहेर वाळत घालायची. सख्खा शेजारी कुठली बाजू घालतोय ते बघायचं आधी. कुनी गेलं तरी रडायचं न्हाय, कारन उद्याच्याला तो कुनाचा निघंल ठावं न्हाय. शेवटी दोस्त दमला, आक्का. दोस्ताला घरी जायाचं हुतं. खालचं सरकार वरडत हुतं, लढाई थांबवू नका, पन इचारतो कोन? मागून जेवनाऱ्यानं भाजी आळनी म्हनू न्हाय."

पाकला वरच्यांनी जबरदस्तीनं फौजेत घातला, मग खालच्यांनी पकडला. आन लढाई थांबल्यावर त्याला इचारत्यात, बोल, कुठं जानार? वर गेला तर पाटलाचा पोरगा म्हनून खळं हायच. खाली गेला तर परत बंदूक देऊन उभा करनार, आन पुन्हा ट्रका तोंडं फिरवनार. त्याला दोन्ही नगं हुतं. तिसरी वाट हुती. फाटकापाशी येऊन आपल्या शिपायाला सांगायचं, मला कुठंच जायाचं न्हाय, तर त्याला बाहेर काढून येगळं ठिवायचं आन तिऱ्हाईत मुलखात धाडायचं. हिंदुस्थानातबी. पाकला हिंदुस्थानात यायचं हुतं.

"हितं," कुंडलिक म्हनला, आन वांग्याच्या वाफ्याकडं बोट केलं. "अंथुर्ण्याला. मी त्याला समदं सांगितलं हुतं, कालवा, ऊस, तू कशी शिव्या देतीस ते. त्यानं इचारलं, तुमच्या गावात लढाई हाय का? म्हनलं, हाय, पान्याच्या पाळीवरनं. लई हसला. त्यानं माझ्या बायकोचं नाव इचारलं. सांगितलं, साखर. साखर म्हंजी काय ते सांगितलं, आन आमच्यात साखरंचा करत्यात त्याला पाक म्हनत्यात, तेबी सांगितलं. मग म्हनला, तर मी तुमच्याच घरचा."

मी म्हनलं, फुडं सांग.

आता बघा, तंबूतनं निघून फाटकापर्यंत यायचं म्हंजी म्होरक्यांच्या देखत पळायचं. फाटक त्याच घडीला उघडायला पायजे. साह्यबाला इचारतो, थांब, असं कुनी म्हनला की संपलं, मागनं वढून नेनार. म्हनून ठरलं असं की कुंडलिक फाटकावर असताना पाकनं पळत यायचं, आन ह्यानं कुनाला न इचारता उघडायचं. पर पाक येईना. त्याला धीर हुईना. ज्यानं बापाला सिगरेटीचं पाकीट देऊन गेल्याली मानसं बघितली, तो कुनाच्या भरवशावर पळंल? तो रोज बघायचा. कुंडलिक पहारा सुटताना म्हनायचा, "येतो." सवयच न्हवं आपली! पाकनं इचारलं, म्हंजी काय? ह्यानं जपानीत जसंच्या तसं सांगितलं, मी येतो. आन दुसऱ्या दिवशी हा असायचाच तितं, बर्फ असो, वारं असो. असं रोज. एक मानूस येतो म्हनतो आन खरंच येतो, हे त्या पोरानं कित्येक सालांत बघितलं नव्हतं. हळूहळू त्याचा इस्वास बसला. तोबी तो शबुद बोलाय लागला. सकाळी ह्याला बघितलं की तारंआडनं हळूच म्हनायचा, येतो. ह्याला हसू यायचं.

"एक दिवस म्हनला, उद्या पळतो," कुंडलिक म्हनला. "माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. आन त्याच सांजंला हुकूम आला, आमची तुकडी तळाच्या दुसऱ्या अंगाला. फाटकावर गढवालातली पोरं येनार. मी सुभेदारसाह्यबांकडं गेलो. म्हनलं, उद्याचा एक दिवस मला हितं ठिवा. साह्यब मानूस बरा. म्हनलं, बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी इचारलं, ते म्हनलं, वर इचारतो. दुपारी इचारलं, म्हनलं, आता फाटकाचं नगं काढू, तिकडं गडबड झाली तर आपल्या अंगावर येईल. पन ती फुडची गोष्ट. त्या सांजंला निघायच्या येळंला मी वळकटी घिऊन तारंपाशी गेलो. म्होरक्याची दोन मानसं तितंच उभी. बोलता येईना. पाक माझ्याकडं बघत हुता. आन मी म्हनलं, येतो."

"का म्हनलास?" मी वरडलेच. "म्हनायचं की, मी न्हाय येत, दुसरा उघडंल!"

"दोन मानसं कान लावून हुती, आक्का. अन् ती नसती तरी? तोंडातनं तेच निघतं. तुरुंगातल्या मानसाला जातो कसं म्हनायचं? तूच शिकवलंस न्हवं, जातो म्हनू न्हाय!"

व्हय. मीच शिकवलं हुतं, बोबडं बोलत हुता तवा.

तरी ह्यानं एक शानपना केला हुता. त्या गढवाली पोराला हिंदीत सांगून ठिवलं, पाक नावाचा कैदी पळत येईल, बघत बसू नगं, फाटक उघड. पोरगं भलं हुतं, व्हय म्हनलं. म्हनून कुंडलिक निश्चिंत हुता. त्याला वाटलं, पाक बाहेर आलाच असंल, तिकडं हिंदुस्थानात जानाऱ्यांच्या तंबूत गरम चा पीत बसला असंल. मनात म्हनायचा, भेटंल बोटीवर. साखरला काय सांगायचं ह्याची बी जुळनी करून ठिवली हुती त्यानं.

वाफा भरून पानी वरनं चाललं हुतं. त्याचं ध्यान नव्हतं. माझंबी नव्हतं.

"मग एक दिवस सकाळी आमच्या तंबूत हुकूम आला," तो म्हनला. "चौघं जन पायजेत, फावडी घिऊन. थंडीनं जमीन दगडागत झालेली, खनायला दांडगी मानसं पायजेत. मी आपला उठलो. चालत चालत त्याच फाटकापाशी आनलं आमाला. कडंला घोंगडीत गुंडाळून ठिवलं हुतं. तोंड उघडंच हुतं."

मला कळलं. तरी मी इचारलं, "त्या पोरानं फाटक उघडलं न्हाय व्हय?"

"उघडलं हुतं, आक्का."

"आं?"

"ते पोरगं माझ्या शेजारनं चालत रडत सांगत हुतं. म्हनलं, उस्ताद, मी रोज उघडं ठिवलं. त्याला खूण केली, ये. तो तारंपर्यंत यायचा, मान हलवायचा. तुझ्या जागंकडं बोट करायचा आन एकच शबुद बोलायचा. येतो? येतो? आमाला कळंना. आमाला वाटलं, त्यांच्या भाषेतलं कायतरी असंल. रोज यायचा दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत. त्या म्होरक्यांनी बघितलं."

कुंडलिकाच्या हातात खोरं हुतं. त्यानं ते मातीत रोवलं आन सोडून दिलं.

"फाटक उघडं हुतं, आक्का. धा पावलं न्हवती. तो माझी वाट बघत उभा राहिला."

"आन तू?"

"गेलो की. येतो म्हनलं हुतं न्हवं? पायाकडनं मीच धरला त्याला."

पानी बांध फोडून शेजारच्या रानात घुसलं हुतं, शेजारी वरडत हुता. मी लुगडं खोचून वाफ्यात उतरले, खोरं उचललं आन माती वढून पानी अडवलं. रडायला आलं, रडले. त्याला आलं न्हाय. मी म्हनलं, चल घरला, साखर भाकरी घिऊन बसली असंल. तो म्हनला, तू हो फुडं.